आधी नळी, मग डिस्क

जुन्या शेवरले पिकअपला पुढे डिस्क ब्रेक बसवायचं किट मागवलं की खोक्यातून आधी निघतात त्या दोन चकचकीत डिस्क, मग डिस्कला चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर, मग डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या पॅडचा जोड. वजनदार, देखण्या वस्तू. फोटो त्यांचेच निघतात. तळाशी एखाद्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन होज पाईप आणि चार तांब्याचे वॉशर पडलेले असतात. धातूच्या नळ्या बहुतेक किटांत नसतातच. त्या आपण आणायच्या, मापाने कापायच्या, वाकवायच्या, त्यांची तोंडं फुलवायची, म्हणजे टोकं नटात घट्ट बसतील अशी पसरवायची. म्हणूनच की काय, नळ्यांचं काम सगळ्यांत शेवटी, उरलेल्या वेळात उरकलं जातं. मला हा क्रमच उलटा वाटतो. डिस्क आणि कॅलिपर बसवणं म्हणजे मुख्यतः बोल्ट आवळणं. कुठल्या चाकाला दाब कुठल्या वाटेने, किती आणि केव्हा पोचणार, हे ठरतं नळ्यांच्या मांडणीत.

उदाहरणाला १९६३ ते १९६६ मधली सी-१० घेऊ. अमेरिकेत तिचे सुटे भाग अजून सहज मिळतात, त्यामुळे हौशी लोकांचा ओढा तिच्याकडे असतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे फिरत्या डब्याला आतून टेकणारे शू. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, एकाच तेलभांड्याचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने तेलाला दाब देणारा पंप. त्यातून एक नळी खाली चासीवरच्या पितळी ठोकळ्यात उतरते. तिथून दोन फाटे पुढच्या चाकांना जातात आणि तिसरा चासीच्या कडेने मागे. मागे एक रबरी होज, मग ॲक्सलवर टी, आणि टीतून डावी-उजवी नळी. सगळा संसार एकाच तेलावर. साठ वर्षांची एखादी नळी कुठेही फुटली की चारही ब्रेक एकदम जातात आणि पेडल पायाखालच्या फळीला टेकतं. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलपासून या पिकअपना दोन भांड्यांचा मास्टर दिला. मोटारींसाठी अमेरिकी सरकारचा तसा नियम १ जानेवारी १९६८ पासून आला. सी-१० ला पुढे डिस्क मिळाल्या त्या १९७१ पासून. म्हणजे १९६७ ते १९७० ची गाडी ज्याच्या दारात आहे त्याचं निम्मं काम कारखान्यानेच करून ठेवलंय. त्याआधीच्या गाडीवाल्याला मात्र एका सर्किटाची दोन करायची आहेत, आणि त्यात जुन्या नळ्यांचा उपयोग फार थोडा.

जुना मास्टर तसाच ठेवून नुसत्या डिस्क चढवल्या तर? गाडी थांबते, म्हणून काही जण तेवढ्यावर समाधान मानतात. पण ड्रमसाठी बनवलेल्या त्या मास्टरच्या तोंडाशी एक छोटा झडप-व्हॉल्व्ह असतो. पेडल सोडल्यावरही तो नळीत साधारण १० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवतो. ड्रममध्ये हे सोयीचं. शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरमधल्या रबरी कपांच्या कडा त्यामुळे भिंतीला चिकटून राहतात, बाहेरची हवा आत शिरत नाही. आणि शू मागे ओढायला तिथे दणकट स्प्रिंगा असतातच. डिस्कमध्ये स्प्रिंग नाही. पिस्टनभोवतीची चौकोनी रबरी कडी ब्रेक दाबताना किंचित मुरडते आणि पेडल सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्यावरच पॅड सुटतो. या गाड्यांवर बहुधा बसवतात त्या जीएमच्या डी-५२ कॅलिपरचा पिस्टन २ १५/१६ इंच व्यासाचा, म्हणजे पावणेसात चौरस इंचांचा. दहा पीएसआय हा आकडा ऐकायला किरकोळ, पण एवढ्या क्षेत्रावर तो तीस किलोंच्या आसपास भरतो. तीस किलोंनी पॅड कायम डिस्कवर दाबलेला ठेवून हायवेवर गाडी पळवली की चाकं तापतात, तेल उकळायला लागतं आणि नेमक्या गरजेच्या वेळी पेडल खोल जातं. मग दोष डिस्कच्या किटला दिला जातो.

दुसरी अडचण भांड्याच्या आकाराची. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागची जागा तेलाने भरून राहते. दोन्ही पॅड मिळून एक सेंटिमीटर झिजले तर एका कॅलिपरमध्ये सुमारे ४४ घन सेंटिमीटर तेल उतरून बसतं; दोन्ही चाकांचं धरा ८८. ड्रमच्या मास्टरचं भांडं एवढ्या उताऱ्यासाठी नसतंच. डिस्क-ड्रम मास्टरला एक भांडं मोठं असतं ते यासाठी, आणि ते मोठं भांडं पुढच्या डिस्कना जोडायचं. ‘पुढचं तोंड पुढच्या चाकांना’ असा आंधळा नियम लावू नये. मास्टरच्या बनावटीप्रमाणे तोंडं बदलतात. दोन्ही भांडी सारखी असतील तर मास्टरबरोबर आलेला कागद वाचायचा.

मास्टरचा व्यास किती घ्यावा यावर वाद घालण्यापेक्षा गुणाकार करावा. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसेल तर पेडलच्या तरफेचं गुणोत्तर सहास-एकच्या आसपास लागतं. पायाचा जोर ४५ किलो धरला तर पेडलपासून मास्टरच्या पिस्टनला ढकलणाऱ्या सळीवर २७० किलो येतात. १ इंची मास्टरचं क्षेत्रफळ ५.०७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब झाला ५३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. व्यास १ १/८ इंच घेतला तर तोच पाय फक्त ४२ किलोंचा दाब देतो. ड्रमचे शू चाकाच्या फिरण्याने आपोआप आत ओढले जातात, डिस्कला असली फुकटची मदत नाही. तिला सगळा दाब पायाकडून हवा असतो. म्हणून बूस्टरशिवाय १ इंच, आणि बूस्टर असेल, ज्यात पेडलचं गुणोत्तर चारास-एकच्या आसपास असतं, तर १ १/८ इंच, हा बाजारातला रिवाज बरोबर आहे. ‘मोठा मास्टर म्हणजे जोरदार ब्रेक’ ही समजूत मात्र चूक. मोठ्या मास्टरने पेडल कडक लागतं आणि गाडी लांब जाऊन थांबते.

ज्यांची पिकअप त्याहून जुनी, १९५५ ते १९५९ मधली, त्यांचा मास्टर फळीखाली चासीवर असतो, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीत. तिथे तेल हळूहळू मास्टरकडे परत उतरतं आणि सकाळी पहिलं पेडल पोकळ जातं. त्याला उपाय डिस्कच्या नळीत २ पीएसआयचा आणि मागच्या ड्रमच्या नळीत १० पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह. दोन्ही मास्टरच्या जवळ, बाण चाकांकडे. फायरवॉलवरच्या मास्टरला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागत नाही. तरी ‘असलेला बरा’ म्हणून तो लावणारे भेटतात. आपल्याकडच्या जुन्या सीजे-३बी जिपेचा मास्टरही पायाखालीच, एकेरी सर्किटाचा. तिला डिस्क लावताना हाच हिशोब लागतो. फक्त भारतात मूळ रचनेत फेरफार करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि आरटीओ यांना वळसा घालता येत नाही, हे ध्यानात ठेवावं.

मास्टरनंतर येतो कॉम्बिनेशन व्हॉल्व्ह. पितळेच्या एका ठोकळ्यात तीन कामं. मागच्या ड्रमच्या शूंना स्प्रिंगांचा ताण ओलांडून ड्रमला टेकायला वेळ लागतो, म्हणून पुढच्या डिस्कचा दाब क्षणभर रोखणं, हे पहिलं. जोरात ब्रेक दाबल्यावर वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होऊन अडकतात, म्हणून ठरावीक दाबानंतर मागच्या नळीतला दाब सावकाश चढू देणं, हे दुसरं. आणि एका सर्किटाचं तेल गेलं तर आतली दांडी सरकून डॅशबोर्डावरचा दिवा लावणं, हे तिसरं. पिकअपमध्ये यातलं दुसरं काम अवघड आहे, कारण रिकामा हौदा आणि भरलेला हौदा या ब्रेकच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या. रिकाम्या हौद्याने मागची चाकं लवकर अडकून शेपूट फिरतं. माल भरला की त्याच चाकांकडून जास्त काम घेता आलं असतं. स्थिर व्हॉल्व्ह ही तडजोड आहे आणि रोजच्या वापराला ती पुरते. ज्यांना बारकाईने जुळवायचं आहे ते मागच्या नळीत हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालतात. त्याला हरकत नाही, पण तो कॉम्बिनेशन व्हॉल्व्हच्या पुढे आणखी एक म्हणून चढवू नये. दोन गाळण्या लागोपाठ लावल्या की मागचे ब्रेक नावापुरते उरतात. पुढच्या नळीत तर तो कधीच नको. जुळवायचा तो मोकळ्या आवारात, कमी वेगात, हौदा रिकामा ठेवून. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित आधी अडकली की तिथे थांबायचं.

आता नळ्या. मूळ नळी म्हणजे पोलादाच्या पातळ पट्टीचे दोन वेढे गुंडाळून तांब्याने एकजीव केलेली दुहेरी भिंतीची नळी. बाहेरचा व्यास ३/१६ इंच, भिंत सुमारे ०.७ मिलिमीटर. भक्कम आणि स्वस्त, वैरी एकच, गंज. गंज धरतो तो उघड्या भागात नव्हे. क्लिपेच्या खाली, चासीच्या खोबणीत, जिथे चिखल आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ ओलं होऊन बसतं तिथे. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि क्लिप उचकटली की नळीचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो. हा रोग फक्त म्हाताऱ्या गाड्यांचा आहे असं कुणी समजू नये. १९९९ ते २००३ मधल्या जनरल मोटर्सच्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची चौकशी अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०१५ साली बंद केली. कंपनीला गाड्या परत बोलवायला न लावता तिने मालकांना सल्ला दिला तो गाडीचं पोट धुण्याचा आणि नळ्या तपासून घेण्याचा. तेव्हा १९६५ च्या गाडीवर ‘पुढच्या तेवढ्या बदलू, मागची चांगली दिसतेय’ हा विचार सोडून द्यावा.

पर्याय दोन. तांबं-निकेलची नळी, ज्यात सुमारे १० टक्के निकेल आणि थोडं लोखंड असतं, गंजत नाही, हाताने वाकते आणि तिचं तोंड सहज फुलतं. व्होल्वो १९७६ पासून ती वापरत आलीय, त्यामुळे ही हौशी लोकांची नवी टूम नव्हे. दुसरा पर्याय स्टेनलेस. दिसायला सुरेख, पण कडक. तिला ४५ अंशांचं, कड आत दुमडलेलं दुहेरी तोंड करायला गेलं की स्वस्त हत्यारं हार मानतात आणि तोंडाला चिरा पडतात. तिच्यासाठी ३७ अंशांचं एकेरी तोंड, त्याच्या बाह्या आणि वेगळे नट असा सगळा संच लागतो. गाडी प्रदर्शनात उभी करायची नसेल तर माझं मत तांबं-निकेलकडे. त्या दोन्हींच्या शेजारी हार्डवेअरच्या दुकानात शुद्ध तांब्याची नळीही मिळते, रंगही जवळपास तसाच. ती ब्रेकला चालत नाही. शुद्ध तांबं थरथरीने कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. तशीच बंदी दाबून बसणाऱ्या कॉम्प्रेशन जोडांना. पाण्याच्या नळाला ते ठीक, इथे नळी त्यातून निसटते.

किती नळी लागेल? आखूड हौद्याच्या सी-१० चा व्हीलबेस ११५ इंच, लांब हौद्याचा १२७. मास्टर ते व्हॉल्व्ह दोन तुकडे, व्हॉल्व्हपासून डावं पुढचं चाक, क्रॉसमेंबरवरून उजवं, मागे जाणारा लांब तुकडा आणि ॲक्सलवरचे दोन, असा हिशोब धरला तर साधारण तीस फूट. बाजारातली गुंडाळी असते पंचवीस फुटांची. एका गुंडाळीत भागवायच्या नादात लोक मध्ये जोड घालतात. दोन गुंडाळ्या घ्याव्यात. उरलेल्या नळीवर तोंड फुलवायचा सराव होतो आणि मागची लांब नळी अखंड राहते. माप घ्यायला सुतळी नको. वेल्डिंगची मऊ तार मार्गाप्रमाणे वाकवून घ्यावी, म्हणजे लांबीबरोबर वळणांची जागाही कळते. प्रत्येक टोकाला फुलवण्यासाठी थोडी जादा लांबी धरायची.

नट विकत घेताना आटे मोजावेत, डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. ३/१६ नळीचा साधा नट ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा. जीएमच्या दुहेरी मास्टरची तोंडं १/२ इंच २० आटे आणि ९/१६ इंच १८ आटे अशी मोठी असतात. त्यांच्यासाठी ३/१६ नळीलाच बसणारे मोठे नट मिळतात. ते घ्यावेत, ॲडॉप्टरवर ॲडॉप्टर चढवू नये. प्रत्येक ॲडॉप्टर ही गळायची एक जादा जागा. घात करतो तो १० मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर आट्यांचा मेट्रिक भाग. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, आणि २४ आट्यांचा पल्ला १.०६ मिलिमीटर. इंची नट मेट्रिक भोकात शिरतो, फिरतो, आवळल्यासारखाही लागतो आणि दाबाखाली आटे सोडून बाहेर येतो. एका गाडीत दोन देशांचे भाग जमलेले असतील तर थ्रेड गेज लावल्याशिवाय एकही नट बसवू नये. युरोपीय गाड्यांच्या नळ्यांचं तोंड वेगळं, बुडबुड्यासारखं असतं. ते अमेरिकी दुहेरी तोंडाच्या जागी बसवलं तर आज गळत नाही, उद्या गळतं.

तोंड फुलवणं हेच या कामाचं खरं कसब. नळी करवतीने कापू नये. लहान चाकाच्या कटरने, प्रत्येक फेरीला थोडं थोडं आवळत कापावी. घाईने आवळलं की तोंड आत दबतं. कापलेल्या कडेवर उठलेली धार आतून-बाहेरून काढायची, टोक खाली धरून, म्हणजे कीस नळीत जाणार नाही, आणि नंतर हवा मारायची. मग नट नळीवर ओवायचा. हे वाक्य वाचून हसू येईल, पण आधी तोंड फुलवून मग नट हातात धरून बसलेल्यांची संख्या मोठी आहे. लांब नळीच्या दोन्ही टोकांचे नट दुसरं टोक फुलवण्याआधी आत हवेत, आणि त्यांची तोंडं आपापल्या टोकाकडे. नळी फुलवायच्या हत्याराच्या शिकंज्यात धरताना ती डायच्या (तोंडाला आकार देणाऱ्या ठशाच्या) पायरीच्या उंचीइतकीच वर काढायची. ते माप डायच्याच कडेला लावून घेता येतं. तेलाचा एक थेंब, ब्रेकच्याच तेलाचा. डाय दाबला की टोक फुगून बुडबुड्यासारखं होतं. डाय काढून शंकू दाबला की त्या फुग्याचा वरचा भाग आत दुमडून ४५ अंशांची दुहेरी बैठक तयार होते.

झालेलं तोंड भिंगातून बघावं. बैठक एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद असेल तर नळी तिरकी कापली गेली होती किंवा शंकू मध्यावर नव्हता. कडेला केसासारखी चीर असेल तर कापलेली धार नीट निघाली नव्हती. बैठक लहान असेल तर नळी वर कमी निघाली होती. असं तोंड नटातून ओढलं जातं. शिकंज्याचे दात नळीवर उमटले असतील तर पकड ढिली होती आणि नळी घसरली. या सगळ्याला उपाय एकच, दोन सेंटिमीटर कापून पुन्हा. आणखी जोर लावून नट आवळणं हा उपाय नव्हे. इथे धातू धातूवर बसून तेल अडतं, आट्यांवर नाही; म्हणूनच टेफलॉन टेपला इथे काम नाही. तिचे तुकडे मात्र व्हॉल्व्हपर्यंत पोचतात. ३/१६ च्या नटाला १२ ते १५ फूट-पाउंड, म्हणजे १६ ते २० न्यूटन-मीटर पुरतात. पाना एका बाजूने चिरलेला रिंग पाना हवा. साध्या फिक्स पान्याने नटाचे कोपरे गोल होतात, जुन्या गंजलेल्या नटाचे तर पहिल्याच झटक्यात.

वाकवताना बेंडर वापरावा आणि तोंडापासून पाच सेंटिमीटरपर्यंत नळी सरळ ठेवावी, नाहीतर नट मागे सरकत नाही. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, ती चासीच्या तुलनेत हलते. मास्टर केबिनवर आणि व्हॉल्व्ह चासीवर असेल तर त्या हालचालीचा मार त्यांच्यामधल्या नळीवर पडतो. म्हणून मास्टरखालच्या नळ्यांना वेटोळी द्यावी लागतात. ती आडवी, पसरट असावीत. उभी केली की प्रत्येक वेटोळ्याच्या माथ्यावर हवेचा बुडबुडा अडकून बसतो. नळी एक्झॉस्टपासून दूर, फिरणाऱ्या आणि घासणाऱ्या प्रत्येक भागापासून दूर, आणि दर ३० ते ४५ सेंटिमीटरवर रबरी अस्तराची क्लिप. मोकळी लोंबती नळी थरथरून चिरते. मागे जाणारी नळी चासीच्या खालून नेण्याचा मोह होतो, कारण ते सोपं असतं. दगड आणि जॅक तिथेच लागतात. पितळी ठोकळा ठेवणार असाल तर तो आता फक्त पुढच्या दोन चाकांचा. मागच्या फाट्याचं भोक योग्य बूच लावून बंद करायचं.

होज तिन्ही नवे. जुना रबरी होज बाहेरून टवटवीत आणि आतून सुजलेला असू शकतो. मग पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत यायला वाट मिळत नाही, आणि चाक धरून बसतं. पुढच्या होजचं चासीकडचं टोक कंसात घोड्याच्या नालासारख्या क्लिपने पक्कं हवं; नळीच्या नटावर होजचा भार टाकायचा नाही. कॅलिपरकडे बॅन्जो बोल्ट (मधून तेल जाणारा पोकळ बोल्ट) आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक नवा तांब्याचा वॉशर. जुना वॉशर आधीच चपटा झालेला असतो. बसवून झालं की चाकं हवेत लोंबकळत ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, मग गाडी जमिनीवर ठेवून पुन्हा. होज कुठे ताणला जातो, पिळतो की टायरला घासतो ते डोळ्यांनी बघायचं.

तेलाबाबत थोडक्यात. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंश सेल्सियसला उकळतं, पाणी मुरल्यावर १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ४ घ्यावं. सगळं नवं असल्यामुळे सिलिकॉनचं डॉट ५ भरायची कल्पना सुचते, कारण ते रंग खात नाही. पण त्यात बारीक हवा पकडून राहते आणि पेडल स्पंजासारखं लागतं. डॉट ५.१ हे त्याचं भावंड नव्हे. ते डॉट ३-४ च्या घरातलं. नावांतल्या या घोळाने सिलिकॉन आणि ग्लायकॉल एकत्र ओतले जातात, मग पुन्हा सगळं उपसायचं.

मास्टर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच्या शिकंज्यात धरून त्यातली हवा काढायची. दोन्ही तोंडांना छोट्या नळ्या लावून त्यांची टोकं भांड्यातल्या तेलात बुडवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन सावकाश दाबायचा. सळीला अंगचं थोडं ढिलेपण हवं. ती लांब पडली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, भांड्याकडचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि दाब अडकून डिस्क तापतात. म्हणजे लक्षण तेच, जे १० पीएसआयच्या व्हॉल्व्हचं. दोष शोधताना दोन्ही जागा बघाव्या लागतात. बूस्टरशिवाय चालवायचा मास्टर खोल खळग्याच्या पिस्टनचा असावा. उथळ खळग्यातून मोकळी सळी निसटू शकते.

मग चाकांची हवा. अमेरिकी गाडीत मास्टर डावीकडे, म्हणून क्रम उजवं मागचं, डावं मागचं, उजवं पुढचं, डावं पुढचं. तीस फूट नळीत मावतं ते तेल जेमतेम ८० घन सेंटिमीटर, तरी लिटरभर हाताशी ठेवावं, कारण नव्या नळीतला कीस आणि धूळ धुऊन निघाली पाहिजे. दाबाच्या यंत्राने हवा काढत असाल तर कॉम्बिनेशन व्हॉल्व्हच्या टोकाची पिन धरून ठेवावी लागते, नाहीतर पुढच्या चाकांकडे तेल नीट जात नाही. कॅलिपरचं हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आहे ना, हे आधी बघायचं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसू शकतो. तसं झालं की निपल खाली जातं, हवा वर कोंडून राहते, आणि माणूस तासन्‌तास पेडल मारत बसतो. आतली हवा पेडलला कितपत जाणवते? एक घन सेंटिमीटर हवा दाबाखाली जवळजवळ नाहीशी होते. १ इंची मास्टरचा पिस्टन तेवढ्यासाठी २ मिलिमीटर जादा सरकतो, पेडल १२ मिलिमीटर. तीन-चार घन सेंटिमीटर राहिली की दीड-दोन इंच पेडल पोकळ. हवा निघूनही पेडल खोल जात असेल तर मागच्या ड्रमचे शू वर घ्या. ढिल्या शूंचं खापर नेहमी मास्टरवर फुटतं.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल पूर्ण जोराने दाबून धरायचं, निदान मिनिटभर. दुसऱ्या माणसाने कोरडा टिश्यू कागद प्रत्येक नटाभोवती फिरवायचा; बोटाला न कळणारा ओलावा कागदाला कळतो. पेडल धरल्यावर सावकाश खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेही ओल नसेल तर मास्टरच्या आतला कप सोडतोय. गळणारा नट पूर्ण सैल करून पुन्हा आवळावा. दोन-तीनदा असं केल्यावर बैठक एकमेकांना जुळते. तरीही ओल आली तर तोंड कापून नवं करायचं. बूस्टर असेल तर इंजिन चालू करून हाच प्रयोग पुन्हा, कारण आता नळ्यांत खरा दाब येतो. रस्त्यावर पहिली काही वळणं चालण्याच्या वेगात, मग पॅड-डिस्क बसवण्यासाठी ५० किलोमीटरच्या वेगावरून मध्यम जोराचे दहा-बारा ब्रेक, मध्ये थंड व्हायला वेळ देत. घरी आल्यावर चारही चाकांच्या मध्याजवळ हात नेऊन बघायचा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर त्या चाकाचा होज आधी तपासावा. दोन्ही पुढची सारखीच गरम असतील तर सळीचं ढिलेपण आणि मास्टरचा व्हॉल्व्ह. पहिल्या आठवड्यानंतर प्रत्येक नटावर पुन्हा टिश्यू फिरवावा, आणि मास्टरखालचा फायरवॉलचा रंग बघावा. तिथे फुगलेला, सुरकुतलेला ठिपका असेल तर ग्लायकॉल तेल वरच्या नटातून झिरपतंय.